पाकिटातले जिवाणू आणि माझी एक चूक



परिसर अभ्यासात मातीचा पाठ आला की मी वर्षानुवर्षं एकच साचा वापरत आले. काळी माती, तांबडी माती, मुरमाड माती. मग मातीचे थर. मग गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र. मग स्वाध्याय. गांडुळाच्या पुढे मी कधी गेले नाही. पाठ्यपुस्तकात "मातीत सूक्ष्मजीव असतात" असं एखादं वाक्य येतं, ते मी वाचून दाखवायचे आणि पान उलटायचे. वेळ नसायचा असं नाही. त्या वाक्यापाशी थांबलं की मला माहेरची 2018 सालची तूर आठवायची, आणि ती आठवण मला वर्गात नको होती.

आज ती सांगूनच टाकते, कारण आमच्या चौथीच्या मुलांनी मला ती सांगायला लावली.

माझं माहेर बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगररांगेवरचं. साडेतीन एकर जमीन, त्यातली दीड एकर बरी, बाकी हलकी, हातभर खणलं की मुरूम. विहिरीला जानेवारीपर्यंत पाणी. धाकटा भाऊ शेती बघतो. मी डी.एड. करून नोकरीला लागले, त्यामुळे घरात "ताईला कळतं" असं एक वजन मला उगाचच मिळालेलं आहे. 2018 च्या जूनमध्ये मी एका प्रशिक्षणाला गेले होते, तिथून येताना दुकानातून तुरीसाठी जिवाणू खताची पाकिटं घेतली. रायझोबियमची दोन आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची दोन. दुकानदार म्हणाला, "मॅडम, याने पीक ताण सहन करतं, पावसाचा खंड पडला तरी टिकतं." मला ते वाक्य फार आवडलं. मी भावाला फोन करून तेच वाक्य, जसंच्या तसं, ऐकवलं.

पाकिटं स्कुटीच्या डिकीत ठेवली. गावी जायला चार दिवस लागले. जूनचं ऊन तुम्हाला माहीत आहे, शाळेच्या पत्र्याखाली स्कुटी उभी. घरी गेल्यावर भावाने घमेल्यात बियाणं घेतलं, त्यात बुरशीनाशकाची पुडी टाकली, लगेच माझी पाकिटंही त्यातच फोडली, गुळाचं पाणी शिंपडलं, हाताने कालवलं आणि बी वाळायला पत्र्यावर पसरलं. भर दुपारी. मी समोर उभी राहून फोटो काढत होते.

आता हे वाचताना ज्यांना यातलं कळतं ते हसतील. पाकिटातला जिवाणू म्हणजे काळ्या भुकटीत झोपवलेला जिवंत जीव असतो. तो चार दिवस डिकीत भाजला. उरलासुरला बुरशीनाशकाने मारला. त्यातूनही कुणी वाचला असेल तर तो पत्र्यावर करपला. पाकिटाच्या मागे सगळं छापलेलं होतं. थंड जागी ठेवा. आधी बुरशीनाशक लावा, जिवाणू सर्वांत शेवटी. सावलीत सुकवा, लगेच पेरा. मुलांना "सूचना वाचून मगच प्रश्न सोडवा" असं रोज ओरडून सांगणारी मी, मी ते वाचलंच नव्हतं.

त्या वर्षी सुरुवातीला पाऊस बरा झाला आणि मग गेला तो गेलाच. ऑक्टोबरमध्ये शासनाने राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचाही होता. तूर फुलोऱ्यात आली आणि फुलं गळून पडली. भाऊ बांधावर उभा होता. मला म्हणाला, "ताई, तुझे ते जिवाणू कुठं गेले?" रागाने नाही म्हणाला. थट्टेनेच म्हणाला. दिवाळीनंतर त्याने मुकादमाकडून उचल घेतली आणि भावजयीला घेऊन तो पहिल्यांदा ऊसतोडीला गेला. भाचा तेव्हा दुसरीत होता. तो आई-आण्णांपाशी राहिला.

जिवाणू जिवंत असते तर तूर वाचली असती, असं मी अजिबात म्हणणार नाही. तेवढा खंड कोणताच जिवाणू भरून काढत नाही. पण मी मनाशी वेगळाच निष्कर्ष काढून बसले होते, की हे सगळं थोतांड आहे, दुकानदाराचा माल आहे. आपली चूक झाकायला तो निष्कर्ष फार सोयीचा होता.

मग आला 2023 चा ऑगस्ट. 1901 पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तो. आमच्या शाळेची परसबाग डोळ्यांसमोर वाळली. मेथी गेली, पालक गेला, वांग्याची पानं लोंबायला लागली. पिण्याचंच पाणी टँकरचं, बागेला कुठून घालणार? एक दिवस चौथीतली एक मुलगी मला हाताला धरून शाळेच्या मागे घेऊन गेली. तिथे आमचा खत खड्डा आहे. त्याच्या कडेला कुणीतरी टाकलेल्या बियांतून चवळीचे तीन-चार वेल आपोआप उगवले होते. ते हिरवेगार होते.

"बाई, हिला कुणी पाणी घालतं का?"

"नाही."

"मंग ही कामून सुकली नाही?"

मी म्हणाले, "सावली असेल." ती म्हणाली, "सावली तर वांग्याला पण हाय." मी म्हणाले, "उद्या सांगते." शिक्षकांचं हे "उद्या सांगते" किती मोठं कर्ज आहे हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण यावेळी मी ते फेडायला बसले. त्या रात्री आणि पुढच्या पंधरा दिवसांत जे वाचलं, कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकांपासून मोबाईलवर सापडलेल्या संशोधन लेखांपर्यंत, त्यातलं मला जेवढं कळलं ते वर्गात सांगितलं. तेच इथे मांडते.

सुरुवात वासापासून केली. पहिला पाऊस पडला की मातीचा वास येतो, तो कुठून येतो? मुलं म्हणाली मातीतून. अर्धं बरोबर. त्या वासातला मोठा वाटा जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो आणि ते मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू बनवतात. म्हणजे आपण नाकाने जिवाणूच ओळखत असतो. हे ऐकल्यावर एकाने लगेच मातीचं ढेकूळ हुंगलं आणि म्हणाला, "बाई, हे मेलंय." कोरडं ढेकूळ होतं. त्यावर थोडं पाणी शिंपडलं, मग पुन्हा हुंगायला दिलं. वर्ग शांत झाला होता. एवढा शांत वर्ग मला तपासणीच्या दिवशीही मिळत नाही.

चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. पण ते सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, मुळांच्या भोवती त्यांची दाटी असते. मुळाला चिकटलेल्या या मातीच्या पट्ट्याला लोरेंझ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने 1904 मध्ये रायझोस्फिअर हे नाव दिलं. दाटी का? कारण झाड पानात केलेल्या अन्नातला काही भाग मुळांतून बाहेर सोडतं. साखर, आम्लं, असं बरंच काही. मुलांना मी म्हणाले, गावजेवणाची पंगत असते ना, तशी ती पंगत आहे. पंगतीला सगळेच येतात, चोर पण येतात आणि कामाला हात लावणारेही येतात. रोग पसरवणारे येतात आणि मदत करणारेही. या मदत करणाऱ्या, मुळांच्या आश्रयाने राहणाऱ्या जिवाणूंना 1978 मध्ये क्लोपर आणि श्रोथ या अमेरिकेतल्या दोघांनी वेगळं नाव दिलं, वनस्पतीची वाढ करणारे मूळ-जिवाणू, असा त्याचा साधारण अर्थ.

आता पाणी नसताना ते काय करतात? मलाही आधी वाटायचं की ते कुठून तरी पाणी आणत असतील. तसं काही नाही. जिवाणू पाऊस पाडत नाही आणि पाणी बनवतही नाही.

पहिली गोष्ट समजवायला मला आंब्याची अढी उपयोगी पडली. कच्चे आंबे पेंढ्यात झाकून ठेवले की पिकतात, कारण फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि अढीत तो कोंडून राहतो. मुलांना अढी माहीत आहे. तोच वायू झाड संकटात असतानाही बनवतं. पाणी तुटलं, मुळं घाबरली, की झाडाच्या अंगात इथिलीन वाढतो. मग वाढ थांबते, मुळांची लांबी खुंटते, पानं पिवळी होऊन गळतात, फुलं झडतात. माझ्या माहेरच्या तुरीची फुलं गळाली त्यात याचाही हात असणार. एका अर्थी झाडाचं हे शहाणपणच आहे, खर्च कमी करून जीव वाचवायचा. पण कधी कधी झाड गरजेपेक्षा लवकर आणि गरजेपेक्षा जास्त घाबरतं. इथिलीन ज्या कच्च्या मालापासून बनतो त्याचं नाव थोडक्यात एसीसी. काही जिवाणूंकडे असं एक विकर असतं की ते मुळातून बाहेर झिरपणारा हा एसीसी फोडून टाकतं आणि त्यातला नत्र जिवाणू स्वतः खातो. कच्चा मालच कमी, मग वायूही कमी. जिवाणूचं पोट भरतं आणि झाडाची घाबरगुंडी कमी होते.

यावरचा एक प्रयोग मला फार आवडला. इस्रायलच्या दक्षिणेला आरावा नावाचा वाळवंटी भाग आहे. तिथल्या कोरड्या मातीतून मिळालेला असा एक जिवाणू मायक, तिरोश आणि ग्लिक या शास्त्रज्ञांनी टोमॅटो आणि मिरचीच्या रोपांना दिला आणि पाणी तोडलं. 2004 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. जिवाणू दिलेली रोपं वजनाने जास्त भरली. पण मला थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. पाणी तोडलेलं असताना रोपातलं पाणी दोन्हीकडे सारखंच कमी होत गेलं, त्यात जिवाणूने काही फरक पाडला नाही. फरक पडला तो पुन्हा पाणी दिल्यावर. जिवाणूवाली रोपं चांगली सावरली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरी गोष्ट सब्जाची. फालुद्यातला सब्जा मी घरून नेला. एक चमचा बी वाटीत भिजवलं. दहा मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत कवच फुगलं. मुलांना बोटाने दाबायला दिलं. काही जिवाणू स्वतःभोवती असाच चिकट पदार्थ सोडतात. तो पाणी धरून ठेवतो, मातीचे कण एकमेकांना आणि मुळाला चिकटवतो, आणि मुळाभोवती ओलाव्याचा पातळ लेप राहतो. हैदराबादला केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलं की असा चिकट पदार्थ बनवणारा एक स्युडोमोनास जिवाणू सूर्यफुलाच्या रोपांना दिला तर ताणातही रोपं तगतात आणि मुळांना जास्त माती चिकटून राहते. आपण रोप उपटल्यावर मुळाला माती चिकटलेली दिसली की झटकून टाकतो. मी आता झटकत नाही.

तिसरी गोष्ट थोडक्यात. अझोस्पिरिलमसारखे जिवाणू मुळांना वाढीचं संप्रेरक देतात, त्याने बारीक मुळं आणि केसमुळं वाढतात. जास्त मुळं म्हणजे ओलावा शोधायला जास्त हात. आणि बॅसिलससारखे जिवाणू तर उन्हाळ्यात स्वतःचं टणक बीज करून निपचित पडतात आणि पावसाला पुन्हा जागे होतात.

मग खत खड्ड्याजवळची चवळी? तिचं उत्तर एका ओळीचं नाही, हे मी मुलीला सांगितलं. तिथे शेणकाला कुजलेला, तो स्पंजासारखा पाणी धरतो. तिथे जिवाणूंना खायला भरपूर, म्हणून त्यांची वस्ती दाट. चवळीचं मूळही खोल जातं. आणि वांग्याच्या वाफ्यात आम्ही काय केलं होतं? पालापाचोळा झाडून, "स्वच्छ सुंदर शाळा" म्हणून पेटवून दिला होता. वर्षानुवर्षं. त्या मातीतल्या जिवाणूंचं ताट आम्हीच ओढून घेतलं होतं. मुलगी म्हणाली, "म्हंजे आपली माती उपाशी हाय." माझ्या डोक्यात एवढं सोपं वाक्य आलं नव्हतं.

इथपर्यंत सगळं बोलण्यात झालं. आता मुलं ऐकेनात. "बाई, करून बघू."

करून बघायला पाणी कुठे होतं? मग असं ठरलं की शाळा सुटताना प्रत्येकाच्या बाटलीत उरलेलं पाणी एका बादलीत ओतायचं. त्यावर प्रयोग. तेलाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन आणल्या, वीस. माती एकाच शेतातली, चाळून. बियाणं ज्वारीचं. आणि जिवाणू अझोटोबॅक्टर, तृणधान्याला तोच देतात. तो चिकट पदार्थही भरपूर बनवतो आणि कोरड्या दिवसांत जाड कवच घेऊन तग धरतो, म्हणून मला तो बरा वाटला. यावेळी पाकीट आणायला मी पाण्याने ओलं केलेल्या कापडी पिशवीतून गेले आणि आल्याबरोबर माठाशेजारी ठेवलं. पाकिटाच्या मागची प्रत्येक ओळ मुलांकडून मोठ्याने वाचून घेतली. मुदत संपल्याची तारीख शोधायला लावली. भाषेचा तासही त्यातच झाला.

दहा पिशव्यांत जिवाणू लावलेलं बी, दहांत साधं. मी गुळाच्या पाण्यात जिवाणू कालवत होते तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. हा मुलगा गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघतो. तो म्हणाला, "बाई, यांला गूळ भेटला आणि त्यांला नाही. मंग ह्ये गुळानं वाढलं का जिवाणूनं, कसं कळन?" मी हातातलं घमेलं खाली ठेवलं. डी.एड.ला असताना नियंत्रित गट वगैरे मी पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. त्याने ते विचारलं. मग दोन्हीकडच्या बियांना गूळ लावला.

पहिली खेप वाया गेली. पिशव्यांवर "जिवाणू" आणि "साधं" अशी नावं लिहिली होती. मुलांना जिवाणूवाल्यांचा पक्ष घ्यावासा वाटला, ती त्यांनाच जास्त पाणी घालायची. एकाने तर स्वतःच्या प्यायच्या पाण्यातलं घातलं. त्याला रागवायचं कसं? दुसऱ्या खेपेला पिशव्यांवर फक्त 1 ते 20 आकडे टाकले आणि कोणता आकडा कुणाचा याची चिठ्ठी माझ्या कपाटात कुलूपबंद. चिठ्ठी बघायला मिळावी म्हणून किती विनवण्या झाल्या, सांगायची सोय नाही.

वीस-बावीस दिवस नेमाने पाणी दिलं, मग बंद. सहाव्या दिवशी ज्वारीच्या पानांच्या पुंगळ्या झाल्या. वीसच्या वीस पिशव्यांत. मी कपाटातली चिठ्ठी आठवून बघत होते, काही फरक दिसेना. मुलांना आकडे माहीत नव्हते पण सगळीच सुकलेली दिसत होती. एक जण म्हणाला, "बाई, जिवाणू फेल." मला 2018 चा बांध आठवला. खरं सांगते, त्या संध्याकाळी मी पिशव्या उचलून टाकायच्या बेतात होते.

पण मग आरावाचा तो प्रयोग आठवला. नवव्या दिवशी बादलीतलं पाणी सगळ्यांना सारखं, मापाने दिलं. तीन दिवसांनी मोजदाद. मुलांनी उभी राहिलेली रोपं मोजली, त्यांचे आकडे फळ्यावर लिहिले, मग चिठ्ठी बाहेर काढली. जिवाणूवाल्या दहातली आठ सावरली होती. साध्या दहातली पाच. वर्गात जो दंगा झाला तो ऐकून शेजारच्या वर्गातले सर बघायला आले.

थांबा, इतक्यात टाळ्या नकोत. वीस पिशव्या म्हणजे पुरावा नव्हे. आम्ही ऑक्टोबरमध्ये पुन्हा केलं तेव्हा सात आणि सहा आली. मुलं हिरमुसली. मी दोन्ही निकाल वर्गाच्या भिंतीवर लावले, शेजारी शेजारी. गूळवाला मुलगा म्हणाला, "मंग खरं कोणतं?" मी म्हणाले, "दोन्ही." तो काही पटल्यासारखा दिसला नाही.

कुंडीत जमतं ते शेतात जमेलच असं नसतं, हे तर संशोधकही सांगतात. शेतात आधीपासून लाखो-करोडो गावकरी जिवाणू असतात, ते या पाहुण्याला सहज जागा देत नाहीत. माती उपाशी असेल तर पाहुणा चार दिवसांत उपाशी मरतो. म्हणून पाकिटाआधी शेणखत, पालापाचोळा, काडीकचरा न जाळणं. दुकानदाराच्या त्या वाक्याला मी आता अर्धंच मार्क देईन. "ताण सहन करतं", हो, थोडा. "खंड पडला तरी टिकतं", किती दिवसांचा खंड, कोणती माती, ते सांगा आधी.

त्याच ऑक्टोबरमध्ये भावाचा फोन आला. एक एकर हरभरा करायचा म्हणत होता, ओलीवर. मी पाच वर्षांत पहिल्यांदा त्याला सगळं सांगितलं. डिकी, बुरशीनाशक, पत्रा. माझ्यामुळे जिवाणू मेले होते आणि मी गप्प बसले होते, हे पण सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अगं कालवलं तर मीच हुतं." आणि म्हणाला, "ये मग आता नीट घेऊन."

या खेपेला बुरशीनाशक आधी लावून बी सुकू दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा किलो बियाण्याला पाव किलोचं एक पाकीट या हिशेबाने, गार केलेल्या गुळाच्या पाण्यात, बारदानावर, लिंबाच्या सावलीत. काम सातवीतल्या भाच्याच्या हातात होतं. मी फोटो काढले नाहीत. आमच्या गूळवाल्याच्या सांगण्यावरून मी भावाला चार तासांना साधं बी पेरायला सांगितलं, तुलनेसाठी. त्याने कपाळाला हात लावला, पण पेरलं.

दिवाळीनंतर तो आणि भावजय कोयता घेऊन गेलेच. 2018 नंतर दरवर्षी जातात, एका हरभऱ्याने उचल फिटत नसते. डिसेंबरमध्ये एका रविवारी मी माहेरी होते. भाच्याने एक झाड मातीसकट अलगद उकरून काढलं. मुळांना गाठी होत्या. मी त्याला म्हणाले, नखाने फोडून बघ. आतून गुलाबी असेल तर गाठ काम करतेय, हवेतला नत्र धरतेय. पांढरट किंवा हिरवट असेल तर नाही. पाण्याचा ताण पडला की या गाठी लवकर बंद पडतात, म्हणून मला धाकधूक होती. त्याने फोडली आणि लगेच आई-बापाला व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे कोपीच्या दारात भाऊ बसला होता, मागे उसाची मोळी. भाचा नख कॅमेऱ्याला चिकटवून ओरडत होता, "पप्पा, गुलाबी हाय, गुलाबी!" भावजय मागून वाकून बघत होती. तिने विचारलं, "आन् त्या चार तासांच्या?" तेही उपटून बघितलं. त्यांनाही गाठी होत्या. कमी होत्या, बारीक होत्या, पण होत्या. शेतातल्या मूळच्या जिवाणूंनी केलेल्या.

फेब्रुवारीत हरभरा निघाला. ते चार तास वेगळे मोजायचे होते, पण मळणी यंत्रवाला घाईत होता, आण्णांनी सगळं एकाच ढिगात टाकलं. आमच्या गूळवाल्याला हे सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी गृहपाठ करून आणला नाही.

भाऊ तोडीवरून परत आला, पोती बघितली, काही बोलला नाही. मेच्या शेवटी त्याचा फोन आला. "ताई, औंदा तुरीला पण आण. चार पाकिटं." मी बरं म्हणाले. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "आणि एष्टीनं ये. स्कुटीवर नको."